‘कुठं’ न विचारण्याची शिक्षा

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं जास्त. बाबा ती सौंसर गावभर वाटायचे. ‘प्रश्न विचारा’ हे बहुतेक पत्रकांवर ठळक अक्षरांत छापलेलं असायचं. पण त्याच घरात कुणी बाहेर जायला चपला घालू लागलं की आई त्याला ‘कुठं’ असं विचारू द्यायची नाही. जाणाऱ्याचं काम अडतं म्हणे. विचारायचंच तर ‘दूर जाऊन राहिले का?’, म्हणजे दूर निघालात का, एवढंच. यावरून मी आईशी कितीदा तरी भांडले, तिला हसलेही. ताई कधी भांडली नाही. तिच्या तोंडात ते बसूनच गेलं.

यंदा ताई डच शिकू लागली. भावजी नेदरलँड्समध्ये राहतात, आणि ती भाषा बोलण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय ताईला तिकडे राहायला जाता येत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, संसार अजून मोबाइलवरच. नवरा-बायकोनं एकत्र राहायचं की नाही, हे क्रियापदाची जागा ठरवणार! माझं डोकं फिरायचं. ताई मात्र मुकाट्यानं वही भरायची. ‘वार’ म्हणजे कुठे, ‘वी’ म्हणजे कोण, ‘वारोम’ म्हणजे का. प्रश्नात आधी असा शब्द, त्याला लागून क्रियापद, मग माणूस. असा शब्द नसेल तर क्रियापदच सगळ्यांच्या पुढे.

सराव परीक्षा तिला शिकवणाऱ्या पुण्याच्या मॅडमनी व्हिडिओवर, सगळ्या वर्गासमोर घेतली. मी ताईजवळच बसले होते, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. शेजारी बॅग घेऊन निघालेत, ते कुठे जातात ते विचारा, असं मॅडमनी सांगितलं. ताई म्हणाली, ‘खाट यू फेर?’ म्हणजे, तुम्ही दूर जाता का? क्रियापद जागेवर होतं, पण ‘वार’ नव्हता. मॅडमनी पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच. शेवटी ताईनं कारण सांगितलं, की आमच्याकडे निघालेल्या माणसाला तसं विचारत नाहीत. मॅडम हसल्या, मग सगळा वर्ग हसला.

“सौंसरला प्रश्न विचारायला बंदी आहे वाटतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही परत पहिल्या बॅचला बसा. परीक्षेचं नाव सध्या विसरा.”

माझ्या अंगाची आग झाली. जिचं घर तिकडे थांबलंय, तिला शिकवण्याऐवजी वर्गापुढे उभी करून हसणं, याला कसलं शिकवणं म्हणायचं? मी फोन ओढायला गेले. ताईनं माझा हात बाजूला केला.

“वारोम लाख्त यू?” तिनं विचारलं. का हसता तुम्ही? रागातही तिनं आदराचा ‘यू’ सोडला नाही.

वाक्य बरोबर आहे, एवढंच म्हणून मॅडम पुढच्या मुलीकडे वळल्या. माफी नाही, काही नाही.

ताईनं फोनवरचा वर्ग बंद केला. मी तणतणत होते, की असं सोडायचं नाही, तक्रार करायची, सगळ्यांना कळवायचं.

“तू तक्रार लिही,” ती म्हणाली. “मी फॉर्म भरून राहिली.”

आणि तिनं खऱ्या परीक्षेची सगळ्यांत जवळची तारीख निवडली.