छापखान्यातलं एकच दार

तिला सगळा छापखाना वहिनी म्हणायचा. नवरा खाली बाइंडिंगला होता, म्हणून ती वहिनी. मग तिच्या दुप्पट वयाचे मुद्रितशोधक अण्णासुद्धा तेच म्हणू लागले. कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावायचं काम ती शिकली, आणि हळूहळू कॉम्प्युटर बिघडला की हाक तिलाच जाऊ लागली.

वरच्या मजल्यावर प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा, पासवर्ड वेगळा. एकदा चित्रकार पोरगी लग्नाला गावी गेली आणि एका पुस्तकाचं मुखपृष्ठ तिच्या कॉम्प्युटरमध्ये अडकलं. मालकांनी डोक्याला हात लावला.

"एक सर्व्हर ठेवू या," वहिनी म्हणाली. "सगळ्यांची नावं आणि फायली त्याच्याकडे. कुठल्याही खुर्चीवर बसा, आपलं नाव सांगा, आपलं काम पुढ्यात. ज्या फायली सगळ्यांना लागतात त्या सगळ्यांना दिसतील."

"कशावर चालणार हे?"

"सांबावर."

"हा कोण नवा माणूस?"

"माणूस नाही हो, सॉफ्टवेअर आहे. खुलं आहे, कुणीही वापरावं."

अडगळीतला एक धडधाकट कॉम्प्युटर तिने पुसून घेतला. आठवडाभर दुपारचा डबा त्याच्यासमोरच खाल्ला. एकदा सगळं बसवलं, तर बाकीच्या कॉम्प्युटरांना सर्व्हरचा पत्ताच सापडेना. पत्ता विचारायचा कुणाला, हेच त्यांना सांगायचं राहिलं होतं. ती स्वतःशीच हसली आणि पुन्हा बसली.

सोमवारी सकाळी आपलं नाव आणि पासवर्ड टाकून एकेक जण सर्व्हरच्या आत शिरला. खुर्चीत बसलेले अण्णा मात्र त्याच्या दारातच अडकले.

"पासवर्ड चुकतोय तुमचा," कुणीतरी म्हणालं.

अण्णा ताडकन उभे राहिले. "मी? लोकांच्या चुका काढण्यात केस पांढरे झाले माझे!"

वहिनीने त्यांचं खातं पुसून नवं केलं. तरी नाही. मालक मागेच उभे होते. मग तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली.

"अण्णा, तुमचं घड्याळ पुढे आहे का हो?"

अण्णा एकदम मऊ झाले. "थोडंसं. मीच ठेवतो. नाहीतर बस चुकते."

"सर्व्हरच्या आणि तुमच्या घड्याळात फार फरक पडला, की तो आत घेत नाही. संशय येतो त्याला."

"म्हणजे पासवर्ड बरोबर होता?"

"अगदी काना-मात्रेसकट."

"हे जरा मोठ्याने सांग," अण्णा म्हणाले. तिने सांगितलं, घड्याळ सर्व्हरशी जुळवलं आणि अण्णा आत गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच महिन्यात चित्रकार पोरीचा कॉम्प्युटर भर कामात धूर सोडून बंद पडला. ती रडकुंडीला आली. वहिनीने तिला उठवून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "नाव टाक."

पोरीने टाकलं. "अगं वहिनी, माझं सगळं इथे आहे!"

वहिनी धावतच जिना उतरून बाइंडिंगमध्ये गेली. नवऱ्याचे हात खळीने माखलेले. तिने एका दमात सर्व्हर, खाती, धूर, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"कळलं काहीच नाही," तो म्हणाला, "पण तुझं तोंड सांगतंय, काहीतरी झकास झालंय. बस, चहा मागवतो."