एक घालून आलेलं उत्तर

होळी नावाच्या गावातल्या एका घरात मी आजारी माणसाची देखभाल करते. माणूस म्हणजे गणिताच्या निवृत्त टीचर. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवर आहेत. माझं गाव हिंगोलीकडे. आठवीत शाळा सुटली, आणि दहावी पास नसेल तर नर्सिंगच्या कोर्सला कुणी उभं करत नाही. बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म टीचरनीच भरायला लावला आणि त्याच शिकवू लागल्या. त्यांचे उपकार इतके आहेत की त्यांनी नुसतं "काय गं" म्हटलं तरी मला घाम फुटतो.

मला तपासायची खोड आहे. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघते, कडी लावली तरी ओढून बघते. कंस सोडवला की प्रश्नात आणि उत्तरात एक्सच्या जागी एखादा आकडा घालायचा, दोन्हीकडे सारखं आलं तर उत्तर बरोबर, हे कळल्यावर मला गणिताचा आधार वाटायला लागला. मी दरवेळी एक घालायचे. सोपा पडतो.

सराव पेपरात नापास झाले.

"तपासलं होतंस?"

"हो टीचर. सगळी बरोबर आली होती."

त्यांनी वही छातीवर टेकवून वाचली. x(x + 3) चं मी x² + 3 केलं होतं. बाहेरच्या एक्सने आतल्या एक्सला गुणलं, तीन तसाच बसून राहिला. एक घातला तर दोन्हीकडे चार.

"आता दोन घाल."

एकीकडे दहा आले, दुसरीकडे सात.

"एक भिडस्त असतो, बाय. कशालाही हो म्हणतो. तुझ्यासारखा."

"हो टीचर," मी म्हणाले.

बोर्डाच्या पेपरात तसाच कंस आला. सवयीने एक घातला, जुळलं. मग दोन घातले, जुळलं नाही. खोडून परत लिहिलं आणि वर पाच घालूनही बघितलं.

निकाल मोबाइलवर लागला. उत्तीर्ण.

"नंबर तुझाच आहे ना?"

माझाच होता. माझ्या मोबाइलवर आणि फिजिओथेरपीच्या ताईंच्याही मोबाइलवर बघून झालं होतं. तरी टीचरनी चष्मा मागितला, गणितापाशी थांबून वाचलं आणि मोबाइल परत दिला.

"कोर्सला कधी जाणार?"

"तुम्ही चालायला लागल्यावर."

"हे एक घालून आलेलं उत्तर. परत सांग."

मी गॅस बंद आहे का बघून आले.

"पुढच्या महिन्यात, टीचर."