भोपळ्याएवढा दगड

निकासियोने तीस वर्षं परदेशी प्रवाशांचे तंबू आणि भांडी पाठीवर घेऊन जुन्या इंका अवशेषांकडे नेली आणि तीस वर्षं नव्या हमालाच्या ओझ्यात गुपचूप दगड लपवला. नवखा धापा टाकत खिंडीत पोचला, ओझं सोडलं की दगड निघायचा. सगळे पोट धरून हसायचे. मग रीतीप्रमाणे तो दगड खिंडीतल्या दगडांच्या ढिगावर ठेवायचा, शीण तिथेच सोडायचा आणि खाली उतरायचं. बहुतेक वेळा दगड मुठीएवढा असे.

चार वर्षांपूर्वी विसिता आली. टोळीतली पहिली बाई! निकासियोला ते मुळीच रुचलं नाही. तिच्या ओझ्यात त्याने भोपळ्याएवढा दगड घातला. पहिल्याच चढाला रडत घरी जाईल, असा त्याचा होरा होता. पोरगी सगळ्यांच्या शेवटी पोचली, पण पोचली. दगड काढून ढिगावर ठेवला आणि म्हणाली, "तायता, हे मी फेडीन." तायता म्हणजे वडीलधारा. निकासियो तेव्हा हसला होता.

यंदा बटाटे काढताना त्याचे गुडघे सुजले, ती सूज उतरलीच नाही. बायको वारली होती, मुलं शहरात. घरात बसून करायचं काय, भिंतींशी बोलायचं? म्हणून लंगडणं लपवून तो खेपेला आला. पण मुकादम बासिलियोच्या नजरेतून काही सुटत नसे. पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, "तायता, या खेपेला मागे पडलात, तर पुढच्या खेपेला घरीच आराम करा."

"मागे पडायला मी काय लामा आहे?" निकासियो फणकारला खरा, पण रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात उंच चढ होता. ओझं बांधून ठेवून निकासियो पहाटे बाजूला गेला. कोकाची तीन अखंड पानं निवडली, बर्फाच्या शिखराकडे तोंड करून त्यांवर फुंकर घातली आणि विनवलं, "बाबा, एवढी खेप पार पाड. वजन हलकं कर." डोंगराकडे असं मागणं मागताना मागे वळून बघत नाहीत.

परत येऊन त्याने ओझं उचललं, तर काय! पाठीला कापूस बांधल्यासारखं वाटलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. डोंगराने ऐकलं होतं! तो तरुण पोरांना मागे टाकत चढला, मुकादमाच्या पाठोपाठ दुसरा खिंडीत पोचला आणि भाजलेला मका चघळत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "देवावर विश्वास हवा, विश्वास! तुम्ही आजकालची पोरं पानं नुसती चघळता."

विसिता सगळ्यात शेवटी आली, घामाने निथळत, ओठ निळे पडलेले.

"पोरी, या खिंडीचं नाव मेलेल्या बाईची खिंड आहे हं," निकासियो ओरडला. "जपून, नाव खरं करशील!"

सगळे हसले. विसिताही हसली.

खाली मुक्कामावर आचाऱ्याने हाक मारली, "तायता, गॅसची टाकी आणा, पाणी ठेवायचंय." टाकी कायम निकासियोच्या ओझ्यात असे. त्याने गाठ सोडली. आत टाकी नव्हती, बटाट्यांची पिशवीही नव्हती. चार घोंगड्या मात्र फुगवून कोंबलेल्या होत्या. तोवर विसिताने आपल्या ओझ्यातून टाकी काढून आचाऱ्यापुढे ठेवली.

निकासियोचा चेहरा पडला. तिला तंबूमागे ओढून तो दबक्या आवाजात खेकसला, "मी भिकारी आहे का गं? माझी कीव करतेस?"

"कीव कसली? फेड आहे. तुम्ही माझी पाठ वळल्यावर ओझ्यात घातलंत, मी तुमची पाठ वळल्यावर काढलं."

"अगं, ती चेष्टा होती!"

"वजन चेष्टेचं नव्हतं, तायता. पण त्या दगडामुळेच मला काम मिळालं. एवढा धोंडा घेऊन वर आली, म्हणजे ही टिकेल, असं मुकादम म्हणाले. माझी पोरं त्या धोंड्यावर जेवतात."

त्या डोंगरांतल्या गावांत कुणी तुमच्या शेतात एक दिवस नांगर धरला, तर तुम्ही त्याच्या शेतात एक दिवस धरायचा. अशी फेड नाकारता येत नाही. निकासियो जमिनीकडे बघत म्हणाला, "तू टिकावंस म्हणून नव्हता ठेवला मी. पळून जावंस म्हणून ठेवला होता."

"ठाऊक होतं," विसिता म्हणाली.

म्हाताऱ्याला त्या दोन शब्दांनी फार लाज वाटली. तीस वर्षांत कुठल्या चढाने त्याला एवढं वाकवलं नव्हतं.

सकाळी सगळी टोळी ओझी बांधत होती. पुढे अजून दोन खिंडी होत्या. विसिता हळूच टाकीकडे सरकली, पण त्याआधी निकासियोने ती उचलली आणि सगळ्यांच्या मधोमध, मुकादमाच्या डोळ्यांदेखत तिच्यापुढे धरली.

"लपवून नको नेऊस," तो म्हणाला. "घे. मला झेपत नाही."

कुणी हसलं नाही. बासिलियो आपल्या ओझ्याची गाठ बांधतच राहिला. विसिताने टाकी दोन्ही हातांनी घेतली, वडीलधाऱ्यांनी दिलेली वस्तू घेतात तशी.