मागचं पान

"बिचारा. त्याला बायको होती का?"

बुरमान गेल्याचं मी सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोनेच मला हे विचारलं. एवढं डच मला कळतं. मी म्हटलं, "आहे." तिने मान हलवली आणि बिस्कीट चहात बुडवलं.

इकडे डचमध्ये शेजाऱ्याला बुरमान म्हणतात. मी रायस्वाइकला मुलाकडे राहायला आले, तेव्हा शेजारच्या दारात हे उभे. मी त्यांना बुरमान म्हणायचे, ते मला बुरफ्राउ, म्हणजे शेजारीण. नाव विचारायची दोघांनाही गरज पडली नाही.

त्यांच्याकडे कपाटभर जुन्या फुटबॉलच्या पुस्तिका होत्या. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या फाटकावर विकायच्या, त्या. मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉलवरून पेठापेठांत डोकी फुटतात. आमचे हे तालमीच्या फुटबॉल संघातून खेळायचे. मला वाटलं, माणूस आपल्यातला आहे. नातीला मध्ये घालून विचारलं, यातला सगळ्यात भारी सामना कुठला?

नात म्हणाली, "आजी, ते म्हणतात, त्यांना फुटबॉल बोअरिंग वाटतं."

ते पुस्तिका मागून उघडायचे. मागच्या पानावर जाहिराती. कोळसेवाला, टोप्यांचं दुकान, खाटीक. एकीत सूचना होती, मागच्यांना दिसत नाही, कृपया हॅट काढा. दुसरीत होतं, मैदानावर कवळी सापडली आहे, ज्याची असेल त्याने ओळख पटवून न्यावी.

"ओरडताना पडली असेल," मी म्हटलं. नातीने ते त्यांना सांगितल्यावर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"गोल कोणी केला ते पेपरात येतं," ते म्हणायचे. "लोक काय खात होते ते इथं."

मी म्हटलं, रिकामे उद्योग. पण तसं नव्हतं. त्यांच्या गावच्या क्लबच्या पुस्तिकेत सासऱ्याच्या बेकरीची जाहिरात असायची. बायकोची आठवण गेली आणि तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं, तेव्हापासून ते रोज दुपारी सायकलला पिशवी अडकवून जायचे आणि तिला मागचं पान वाचून दाखवायचे. मी आणि नात कधी कधी बसने जायचो. कोळसेवाल्याचं नाव आलं की ती म्हणायची, "वजनात मारायचा मेला." खाटकाचं आलं की त्याच्या बायकोच्या जाडीवर घसरायची. सगळं गाव तिला पाठ. नवरा तेवढा आठवेना. "तुम्ही छान वाचता," असं त्यांना म्हणायची.

एक दिवस ओळखेल, एवढ्यासाठी ते जायचे. मी तोंडावर सांगितलं, "आता नाही ओळखायची ती. घरी बसा, गुडघे सांभाळा." नातीने ते अर्धंच सांगितलं असणार, कारण ते हसून हो म्हणाले.

एकदा बेकरीची जाहिरात झाल्यावर तिने विचारलं, "आमच्याकडे पाव पोचवणारा पोरगा होता. मोठ्या कानांचा. त्याचं काय झालं?"

नात माझ्या कानात सांगत होती. मी बुरमानच्या कानांकडे पाहिलं.

"बरं चाललंय त्याचं," ते म्हणाले.

"लग्न झालं?"

"झालं. बेकरीवाल्याच्या मुलीशी."

"काहीतरीच!" ती म्हणाली. "बाबा कधी द्यायचे नाहीत."

बाहेर आल्यावर त्यांना सायकलचं कुलूप काढायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी घेऊन परत गेले.

हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाला. भाच्याने कपाट रिकामं केलं. बेकरीच्या होत्या तेवढ्या पुस्तिका मी मागून घेतल्या.

आता मी बसने जाते. मी चौथी शिकलेली, डच मला वाचता येत नाही. मी नुसतं मागचं पान पुढे धरते, तीच वाचते. परवा तिने पुन्हा विचारलं, त्या पोराचं काय झालं?

"बरं चाललंय," मी म्हटलं. एवढं खोटं मला डचमध्ये येतं.

पोरगा गेला. बेकरीवाल्याची मुलगी आहे.