गार्डसाहेबांचा शाकाहार

कोचिंग क्लासच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक सिलॅबस आणि दुसरे किस्से. सिलॅबस संपवायला निदान डायरेक्टर मागे लागतात. किस्से मात्र आपले साठतच जातात, आणि कुणी नुसतं "तुमच्याकडे मासे आहेत म्हणे?" एवढं विचारलं की बदाबदा बाहेर पडतात. परवा असंच झालं. माझं लेक्चर बुडालं, पण किस्से पूर्ण झाले!

मी मूळची सांगलीची. इंदूरला भंवरकुआं भागातल्या एका कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवते. स्वभावाने तापट. इथे राहून भाषेचं इतकं कडबोळं झालंय की रागावले की आधी "अरे यार" येतं आणि मग "अगं बाई".

तर ऐका.

*

आमच्या डायरेक्टरना सगळे 'भिया', म्हणजे इंदुरी भैया, म्हणतात. त्यांना कुणा वास्तुवाल्याने सांगितलं की स्टाफरूममध्ये पाणी आणि जीव हवा. भियांनी दुसऱ्याच दिवशी चार फायटर मासे आणले. लांब झालरीच्या शेपटीचा, रंगीबेरंगी, एकटा ठेवतात तो मासा. पुस्तकात त्याला बेट्टा म्हणतात, पण दुकानात 'फायटर' म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही.

प्रत्येक मासा एकेका फुलदाणीत, वरून मनीप्लांट खोचलेला. चौघांच्या टेबलावर एकेक.

"भिया, याला खायला काय द्यायचं?" मी विचारलं.

"कुछ नहीं मॅडम! ये पौधे की जड़ें खाता है. न खाना, न फिल्टर, न सफाई. अपना पड़ा रहता है कोने में."

"भिया, असं कुणी जगतं का?"

भियांनी माशाकडे इतक्या प्रेमाने पाहिलं! म्हणाले, "फॅकल्टी ऐसी मिल जाए ना, तो इन्स्टिट्यूट चमक जाए!"

*

एक मासा माझा, दुसरा फिजिक्सच्या कुलकर्णी सरांचा. सर पुण्याचे, म्हणजे प्रत्येक गोष्टीवर मत तयार.

मी म्हटलं, "सर, फुलदाणी लहान पडते हो त्याला."

"छे! हा मूळचा भातखाचरातला मासा. टीचभर पाण्यात राहायची सवय असते त्याला. उलट जास्त पाण्यात घाबरतो."

माझं डोकंच फिरलं. "सर, भातखाचर एकरभर पसरलेलं असतं! आणि तुम्ही चार वर्षं पीजीत राहताय. उद्या कुणी लिहिलं की पुणेकराचं मूळ वसतिस्थान पीजी, तर चालेल का?"

दुसऱ्या दिवशी हमालाच्या डोक्यावरून काचेची ही मोठी टाकी आली. फिल्टर, हीटर, बुडाला खडे, सगळं. टेबल पूर्ण भरलं. तेव्हापासून सर जेवणाचा डबा उभ्याने खातात.

मी म्हटलं, "सर, झकास झालं की!"

"झकास कसलं डोंबलाचं? त्याला थ्री बीएचके झाला आणि मी अजून पीजीतच!"

*

तिसरा मासा रसिकाचा. रसिका बायॉलॉजी शिकवते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही.

तिने कुठेतरी ऐकलं की फायटरला एकटेपणा सोसत नाही, समोर आरसा ठेवावा, म्हणजे तो खुलतो. ठेवला आरसा. मासा खरंच खुलला! कल्ले फुगवून, शेपटी पसरून दिवसभर आरशावर धावून जायचा.

"बघ ना, किती खूश आहे!"

"अगं बाई, तो खूश नाही, भांडतोय! समोर दुसरा फायटर आहे असं वाटतंय त्याला. दमून मरेल तो!"

आमचं हे चाललं असताना भिया आले. माशाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "रोज़ उसी से लड़ता है, रोज़ हारता है, दूसरे दिन फिर तैयार. इसका फॉर्म भरवाओ. दोबारा एग्ज़ाम देनेवालों की ड्रॉपर बॅच में बिठाते हैं!"

*

आता माझीही ऐका, नाहीतर म्हणाल बाई स्वतः फार शहाणी.

एक दिवस माझ्या माशाच्या पाण्यावर फेस. मी केमिस्ट्रीची, तेव्हा निदान तयार: साबण! सफाईवाल्या मावशींना बोलावून खूप बोलले. त्या बिचाऱ्या "मैंने तो हाथ भी नहीं लगाया" म्हणून रडायच्या बेतात. मी सगळं पाणी बदललं. पुन्हा फेस. पुन्हा बदललं. रसिका येऊन म्हणाली, "मला वाटतं ती गरोदर आहे." नर होता तो!

शेवटी कुलकर्णी सरांनी मोबाइलवर शोधून काढलं. नर फायटर तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर पिल्लांसाठी घरटं बांधतो. तोच तो फेस.

"म्हणजे मॅडम, त्याने दोनदा घर बांधलं आणि तुम्ही दोनदा पाडलं," सर शांतपणे म्हणाले. "अतिक्रमणवाले निदान नोटीस तरी देतात."

मावशींची मी माफी मागितली. माशाची कशी मागायची ते अजून कळलेलं नाही.

*

चौथा मासा विनिताचा, आणि खरी गोष्ट त्याचीच आहे.

विनिता सबनीस आमचे अकाउंट्स बघते. इंदूरचीच, जुनी इंदूर नावाच्या भागात सासर. दिवाळीच्या सुट्टीत मासा एकटा कसा राहील म्हणून ती फुलदाणी उचलून घरी घेऊन गेली. सुट्टी संपली, विनिता आली, मासा काही आला नाही.

"तो आता नाही यायचा, ताई," ती म्हणाली. "अण्णा सोडतच नाहीत."

अण्णा म्हणजे तिचे सासरे. रेल्वेत जन्म गेला, आता रिटायर. सासूबाई गेल्या आणि अण्णा एकदम गुमसुम होऊन गेले. जेवता का? हं. चहा ठेवू? हं. टीव्ही लावू? हं. मुलगा, सून, शेजारी, सगळे बोलून थकले.

विनिताने फुलदाणी सहज त्यांच्या पेपरशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा आवाज आला, "सूनबाई, याचं नाव काय ठेवलंय?"

विनिताच्या हातातून पोहे सांडले म्हणे!

मासा लाल, शेपटीच्या कडेला हिरवा. गार्डाच्या दोन झेंड्यांचे रंग. अण्णांनी नाव ठेवलं 'गार्डसाहेब'. त्या दिवसापासून रोज सकाळी गार्डसाहेबांना पेपर वाचून दाखवायचा, गाड्या कशा लेट होतात त्याबद्दल तक्रार करायची, आणि हळूहळू सुनेला हाक मारून चहासुद्धा मागायचा.

पण एक भानगड होती. अण्णा कट्टर शाकाहारी. कांदा-लसूण नाही. अंडं नाही. माशाच्या खाण्याच्या गोळ्या आणल्या तर भिंग घेऊन डबीवरचं वाचलं आणि डबी थेट बाहेर. "माशाची भुकटी? मासाच मासा खाणार? तोही माझ्या घरात?"

मग गार्डसाहेबांना काय? मोड आलेले मूग! पोहे! आणि इंदूर असल्यामुळे, वरून बारीक सेव!

मी बघायला गेले तेव्हा पाण्यावर तेलाचा तवंग आला होता. नुसता पाव बुडवायचा बाकी होता.

मासा मात्र त्यातलं काही खात नव्हता. पोट आत गेलेलं, रंग उतरलेला. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा विनिताला रडू फुटलं. "ताई, हा गेला ना, तर अण्णा परत 'हं'वर येतील. मला त्यांचं ते 'हं' ऐकवत नाही."

मी म्हटलं, "बघते मी काहीतरी."

*

मध्येच हा एक किस्सा, कारण त्याच आठवड्यातला आहे.

रसिकाचा मासा मनीप्लांटच्या पाण्यात बुडलेल्या पानावर आडवा पडला. हलेना. सगळे गोळा झाले. भिया गंभीर झाले. "गया बेचारा. कोई बात नहीं. मछली जाती है तो मालिक की बला अपने ऊपर लेके जाती है. इन्स्टिट्यूट का संकट टल गया."

कुलकर्णी सरांनी पंखा बंद केला. आम्ही उभे राहून डोळे मिटले. डोळे उघडतो तो मासा आरामात उठला, वर येऊन तोंडाने घोटभर हवा घेतली आणि परत पानावर जाऊन आडवा झाला. झोपला होता मेला! आडवं पडून झोपतात हे मासे.

भिया दोन पावलं मागे सरले. "अरे यार! बला वापस आ गई!"

सगळे पोट धरून हसलो. विनिता सोडून. तिच्या गल्लीतही लोक अण्णांना हेच सांगत होते, की मासा गेला तर जाऊ द्या, तुमचं संकट घेऊन जाईल. अण्णा म्हणाले होते, "माझं कसलं संकट? जायचं ते माणूस गेलं. आता याला कशाला पाठवता?"

*

गल्लीतल्या एका आत्याबाईंनी निदान केलं की गार्डसाहेब खात नाहीत ते एकटे आहेत म्हणून. बायको आणा. विनिताचा नवरा दुकानात जाऊन मादी घेऊन आला. सोडली पाण्यात.

इतका वेळ मरगळलेले गार्डसाहेब असे काही उसळले की बघायलाच नको! तिला कडेला गाठून शेपटीचा लचका तोडला. विनिताने चहाच्या गाळणीने तिला बाहेर काढलं म्हणून वाचली. ती आता माझ्याकडे आहे, वेगळ्या भांड्यात, मजेत.

आत्याबाई हिरमुसल्या. अण्णांनी समजूत घातली, "अहो, गार्ड आहे तो. गाडीच्या शेवटी एकटाच बसतो. सोबत लागत असती तर ही नोकरी कशाला धरली असती?"

*

शेवटी मीच अण्णांकडे गेले. पर्समध्ये वाळवलेल्या किड्यांची पुडी. विचार केला, गुपचूप टाकू.

"बाई, त्या पुडीत काय आहे?"

"चूर्ण आहे अण्णा. आयुर्वेदिक."

अण्णांनी नुसता वास घेतला. "मी पार्सल ऑफिसात जन्म काढलाय. दुसरं काहीतरी सांगा."

मग माझा स्वभाव आडवा आला. "अण्णा, स्पष्ट सांगते. वाघाला गवत घालून पुण्य लागत नाही. त्याचा धर्मच तसा आहे. तुमचे मूग त्याला पचत नाहीत. मरेल तो!"

विनिताने कपाळाला हात लावला. अण्णांनी फुलदाणी जवळ ओढली.

"हा रानात काय खातो?"

"पाण्यातल्या डासांच्या अळ्या."

"त्या कुणी आणाव्या लागतात?"

"छे. साचलेल्या पाण्यात आपोआप होतात."

"शिजवाव्या लागतात?"

"अजिबात नाही."

अण्णा म्हणाले, "हं."

विनिताचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, झालं, केलं मी वाटोळं.

*

आणि काय चमत्कार! थोड्या दिवसांत गार्डसाहेब टुणटुणीत. रंग असा की डोळे दिपावेत. कुलकर्णी सरांच्या ओळखीने जुनी टाकी मिळाली होती, तिच्यात नुसते भिरभिरत होते. विनिता स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आली. "ताई, मूगच लागू पडले! तुम्ही उगाच घाबरवलं!"

रसिकाने तर बॅचमध्ये सांगून टाकलं की फायटर सवयीने शाकाहारी होतो. बायॉलॉजीची बाई! मी पेढा खाल्ला आणि गप्प बसले. माझं ज्ञान कमी पडलं असेल, पण मासा जगला होता ना.

मग एका सकाळी विनिताचा फोन. "ताई, ताबडतोब या! लार्वा चेकिंगवाले आलेत आणि अण्णा भांडून राहिलेत!"

डेंग्यूच्या दिवसांत घरोघर साचलेलं पाणी तपासायला माणसं फिरतात. मी पोचले तेव्हा अख्खी गल्ली गच्चीवर. कूलरच्या मागे ओळीने मातीच्या कुंड्या, पाण्याने भरलेल्या. प्रत्येकीवर मच्छरदाणीचा तुकडा, दोरीने घट्ट बांधलेला. आत अळ्या नुसत्या वळवळत होत्या!

तपासणीवाला ओरडत होता, "बाबूजी, पूरे शहर में हम ढूँढ-ढूँढ के मार रहे हैं, और आप पाल रहे हो?"

विनिता लाजेने अर्धी झाली होती. "अण्णा, हे काय हो?"

बनियनमधले अण्णा कुंड्यांच्या पुढे आडवे उभे. एवढं मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "हाथ मत लगाना! जाली बँधी है, एक भी मच्छर बाहर नहीं गया. आप दवा डाल के हज़ारों मारते हो. मैं किसी को नहीं मारता. मैं सिर्फ खाना परोसता हूँ. अब बोलो, हम दोनों में शाकाहारी कौन?"

तपासणीवाला म्हणाला, "परोसते किसको हो?"

अण्णांनी गाळणीत थोड्या अळ्या घेतल्या आणि त्याला खाली नेलं. गार्डसाहेबांनी झडप घातली. तो माणूस टाकीपुढे उकिडवाच बसला. "एक और डालो ना, बाबूजी." बराच वेळ हेच चाललं.

कुंड्या त्याने तरीही रिकाम्या केल्या. कायदा म्हणजे कायदा. अण्णा संध्याकाळी जेवले नाहीत. कुणाशी बोलले नाहीत. विनिता रात्रभर कूस बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची चौकशी करायला पुन्हा गेले होते. दारावर थाप पडली. तोच तपासणीवाला, हातात झाकणाची बाटली, आत गढूळ पाणी.

"अण्णाजी! पलासिया इलाके का माल है, एक कूलर में पकड़ा. एकदम ताज़ा!"

आतून अण्णा धावत आले, दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि खेकसले, "आगे से कहाँ घुस रहे हो? पीछे के दरवाज़े से लाओ! शाकाहारी घर है ये!"