सूट आधीच दिसली पाहिजे

मंडळी, आज इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या ऑफिसात एक छोटंसं काम पूर्ण केलं, आणि तेव्हापासून बाबांची फार आठवण येतेय.

आमच्या कपड्यांच्या वेबसाइटवर सूट दिलेली किंमत एकेका कपड्याचं पान उघडल्यावरच दिसायची. आता ती कॅटेगरीच्या पानावरच दाखवायची होती, जुनी किंमत खोडून शेजारी नवी. एखादी चुकली तर गिऱ्हाईक फसेल, म्हणून मी सगळ्या किमती पुन्हा पुन्हा तपासत बसले. शेजारच्या टेबलावरचा समीर म्हणाला, "बस कर यार, आपल्याला घरी जायचंय."

बाबांचं अकोल्यात कापडाचं दुकान आहे. शाळेत जायच्या आधी आकडे मी तिथेच, त्यांच्या मांडीवर बसून शिकले. बाबा सूट कधीच आधी सांगत नाहीत. गिऱ्हाईक बसतं, चहा होतो, घरच्यांची चौकशी होते, आणि बिल करताना ते न बोलता किंमत कमी करतात.

संध्याकाळी कॉलिंग कार्डाने फोन लावला आणि त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमच्याकडे कोणी कोणाशी बोलतच नाही?"

"नाही बाबा. गरजच पडत नाही."

"मग तुला दिवसभर करमतं कसं गं?"

मी कार्डातली मिनिटं संपत आल्याचं सांगून फोन ठेवला. मिनिटं बरीच होती.

तुम्ही काय सांगता घरी, असं विचारलं की?