तुझ्या आईला सांग

माझे आईबाबा एकमेकांशी बोलायचे नाहीत.

भांडायचेसुद्धा नाहीत. भांडायला बोलावं लागतं.

मधे मी होते.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. माहेरी, हमरापूरला आलेय. पाहुणे गेले, भांडी घासून झाली, आणि मला एका जागी बसवत नाहीये. म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, सॉरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे स्वयंपाकघराला लागून एक पत्र्याची शेड. आई मूर्तीच्या अंगाचा रंग आणि दागिने करायची. डोळ्यांची आखणी मात्र फक्त बाबांची. तिथे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

मी चौथीत होते. गणपती तोंडावर आले होते आणि बाबा तापाने आडवे. गिऱ्हाईक दारात येऊन बसलेलं. आईने ब्रश घेतला आणि गिऱ्हाइकाच्या मूर्तीचे डोळे आखले.

बाबा तसेच उठून आले. बघितलं. आणि ओल्या फडक्याने ते डोळे पुसून टाकले. कामगारांसमोर, गिऱ्हाइकासमोर.

त्या दिवसापासून आई त्यांच्याशी बोलली नाही. बाबाही तिची समजूत काढायला गेले नाहीत.

मग माझी नोकरी सुरू झाली.

"तुझ्या बापाला सांग, भात निवतोय."

"तुझ्या आईला सांग, पिवळा रंग संपलाय."

शेडमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून शेडमध्ये. पायाला नुसती भिंगरी.

आणि मी सगळं गोड करून सांगायचे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आई म्हणायची, "गिळायचं असेल तर या म्हणावं." मी जाऊन सांगायचे, "बाबा, आई थांबलेय जेवायला."

बाबा म्हणायचे, "तिला सांग, मी काय पळून नाय चाललो." मी आत येऊन म्हणायचे, "आलेच हं बाबा."

लग्न होऊन रोह्याजवळ वरसेला गेले तरी सुटका नाही. आई हमरापूरहून फोन करायची, "तुझ्या बापाला सांग, बीपीची गोळी घ्यायची राहिलेय." बाबा तिच्यासमोर चार हातांवर बसलेले असायचे. मी वरसेहून बाबांना फोन लावायचे, आणि मागे आईच्या भांड्यांचा आवाज ऐकू यायचा. कधी उलट, आईसाठी बाबांचा फोन.

हसा, हरकत नाही. मीही हसते.

पण सवय हाडात मुरते. सासूबाई काय म्हणाल्या ते मी नवऱ्याला गोड करून सांगते, नवरा काय म्हणाला ते सासूबाईंना. घरात दोन माणसं गप्प बसली की मला राहवत नाही. उठून चहाच टाकते.

एकदा शिफ्टवरून आल्यावर नवरा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "हे झालं सगळ्यांचं. तुझं काय म्हणणं हाय?"

मी चहा टाकायला उठले.

आता खरं सांगायचं ते.

गेल्या वर्षी पेणच्या हॉस्पिटलमध्ये, आई खाली औषधं आणायला गेली असताना बाबांनी मला जवळ बोलावलं. "तुझ्या आईला सांग," म्हणाले, आणि एक निरोप दिला. तो शेवटचा.

तेराव्यानंतर मी आईला सांगितलं, "बाबा म्हणाले, तुझा हात छान आहे. आता आखणी तूच करायची."

आईने माझ्याकडे बघितलं.

"हे ते बोलले, की तू बोलतेस?"

"आई, बाबाच बोलले."

"छान? त्या माणसाच्या तोंडून छान मी कधी ऐकला नाय. तू लहानपणापासून साखर घालतेस गो. पत्र्याच्या आडून सगळं ऐकू येतं मला."

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्यापासून. मी धापा टाकत त्यांचा संसार जोडत होते आणि ती पलीकडून ऐकत होती. मला भयंकर राग आला. मग रडू आलं. मग परत राग.

गेल्या सीझनला डोळे आखायला बाहेरून कारागीर आणला. आईने ब्रशला हात लावला नाही.

वर्षभर मला हेच खात होतं. बाबांनी जन्मात एकदा तिच्यासाठी मनातलं सांगितलं, आणि ते माझ्या तोंडून आलं म्हणून खोटं ठरलं.

आज दुपारी आई शेडमध्ये बसली होती. फळ्यांवर मूर्ती, सगळ्या बिनडोळ्यांच्या. समोर हार घातलेला बाबांचा फोटो.

"त्या कारागिराला फोन लाव," ती म्हणाली. "यंदा पण तोच येऊ दे."

मी नंबर काढला. लावला नाही.

"आई, बाबा बोलले तसंच्या तसं सांगू?"

"सांग."

मी फोन खाली ठेवला. अख्ख्या आयुष्यात मी असं काही पोचवलं नव्हतं.

"म्हणाले, तिला सांग, आखणी आता तिनंच करायची. तेवाच माझ्यापेक्षा बरे आखलेले तिनं. म्हणून तर पुसले. माझ्याच्यानं बघवलं नाय."

मला वाटलं, संपलं. आता ही माझ्याशीही बोलायची नाही.

आईने पदराने नाक पुसलं. "हां," म्हणाली. "हे त्यांचं हाय."

आणि फोटोकडे वळली.

"मग तेवा सांगायला काय झालेलं तुम्हाला?"

त्यांना सांग, असं नाही म्हणाली. ती त्यांच्याशीच बोलली.

मी दारात उभी. मला काहीच पोचवायचं नव्हतं. हातांचं काय करायचं तेही कळेना.

आत्ता हे लिहितेय तेव्हा ती बाबांचा बारीक ब्रश शोधतेय. कुठे ठेवलात म्हणून फोटोला विचारतेय. जरा रागानेच.

बाबा, तुमचा निरोप पोचला. या वेळी साखर न घालता.

आणि हे माझं म्हणणं, मधे कुणी नाही. तुमचा फार राग येतो मला. आणि फोन वाजला की अजून वाटतं, तुम्हीच असाल.

निवांत पडा आता.